पाटावरची फूटभर जागा

आबा, शाळेच्या त्या खोलीत आता मी बसते. ती खोली तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तिथं एकदाच आला होतात, आणि कुणी सांगितलं नसताना चपला बाहेर काढून आला होतात. तुम्ही गेलात त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यामुळे ही बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेल असं वाटत नाही. आई असती तर तिनं गल्लीभर सांगितलं असतं. दुसऱ्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवल्यावर, दोन वर्षांपूर्वी, मला इथं प्रिन्सिपॉल म्हणून बोलावलं. ज्या शाळेच्या फाटकाशी तुम्ही मला सायकलच्या नळीवरून उतरवायचात, त्याच शाळेत. नेमणुकीचं पत्र मिळालं तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते, आणि ते पत्र पर्समध्ये घालून मी कुठं गेले असेन? घरी नाही, देवळात नाही. उद्यमनगरात गेले. तुमचा पॅटर्नचा, लाकडी साच्यांचा गाळा होता तिथं आता गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. मी नुसतीच उभी राहिलेली बघून आतला माणूस म्हणाला, "मावशी, काय पायजे? गाडी कुठली हाय?" मी म्हटलं, काही नको. तो म्हणाला, "मग सावलीत तरी थांबा की." मी सावलीत थांबले. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे. शेवटी एक गोष्ट सांगायची आहे, तिच्यासाठीही लिहिते आहे, पण ती शेवटी.

सगळ्यांना मी हेच सांगत आले की माझं स्वप्न त्या एका दुपारचं. मी सातवीत होते. आमच्या कॉन्व्हेंटच्या प्रिन्सिपॉल सिस्टरची खुर्ची डगमगत होती आणि शाळेचा सुतार गावी गेला होता. सिस्टरनी मला वऱ्हांड्यात थांबवून विचारलं, तुझे वडील लाकडाचं काम करतात ना? करतात, पण कारखान्यातल्या ओतकामासाठी लाकडी साचे बनवतात, खुर्च्या नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. धुतलेला शर्ट, कानामागं पेन्सिल. तुम्ही खुर्ची उलटी केलीत, तिचे चारही पाय हातानं चाचपलेत आणि म्हणालात, "ह्यो एक लांडा हाय." सिस्टर म्हणाल्या, मग बाकीचे तीन कापा. तुम्ही मान हलवलीत. "कापून सारखं करणारं लई भेटतील, सिस्टर. कमी पडलंय त्येला जोड द्यायची असती." पिशवीतून सागाची एक चकती काढलीत, घासलीत, पुन्हा घासलीत, सरस लावून बसवलीत. मग सिस्टर म्हणाल्या, "बसा मिस्तरी, बसून बघा." तुम्ही हसलात आणि दोन पावलं मागं सरकलात. "मी न्हाय बसत. पोरगी बसंल." आणि मला म्हणालात, "बस की गं. खाती व्हय तुला? हलतीया का सांग." मी बसले. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. तुम्ही गुडघ्यावर बसून खुर्चीच्या पायाकडं बघत होतात, सिस्टर टेबलापलीकडं उभ्या होत्या, आणि मी म्हटलं, "नाही हलत." तुम्ही सिस्टरना म्हणालात, "राहू दे आता तिथंच तिला." सिस्टर खळखळून हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

तर आबा, ती खुर्ची आता त्या खोलीत नाही. चाकांची, उंच पाठीची, काळी खुर्ची आहे, बसलं की फुस्स करून खाली जाणारी. समोर भिंतीवर पडदा आहे, त्यावर प्रत्येक वर्ग दिसतो, आवाज मात्र येत नाही. चाळीस मुली तोंडं हलवताना दिसतात आणि त्या कविता म्हणताहेत की भांडताहेत ते मला कळत नाही. सिस्टर आता उरल्या नाहीत. संस्था चालवायला कमिटी आहे आणि कमिटीला चेअरमन आहेत. माझं काम काय, तर पालकांच्या ग्रुपवर येणाऱ्या तक्रारींना नमस्काराची खूण टाकून उत्तर देणं, कुठल्याही कार्यक्रमात मध्ये उभं राहून फोटो काढून घेणं, आणि ते फोटो कसे दिसतात यावर महिन्यातून एकदा बैठक. पहिल्याच आठवड्यात मी वेळापत्रक मागवलं आणि माझं नाव शोधलं. एकही तास नव्हता. मी विचारलं तर चेअरमन प्रेमानं म्हणाले, "मॅडम, आता वर्गात कशाला जाताय? प्रिन्सिपॉलनं खडू धरला की बाहेर वाईट दिसतंय. स्टाफ कमी हाय म्हणतील." तीस वर्षं माझ्या बोटांना खडूची भेग होती. त्या वर्षी ती भरून आली. लोक हातांना मलम लावून जे मिळवतात ते मला फुकट मिळालं आणि मी ते बघून रडले.

तुमच्या धाकट्या भावाची सून म्हणते, "ताई, पगार हाय, मान हाय, एसी हाय. आणि काय पायजे?" तिचं चुकत नाही. बहीण म्हणते, डोंगर दुरूनच बरे. मैत्रिणी म्हणतात, थोडंच उरलंय, सह्या कर आणि मोकळी हो. मला यातलं एकही पटत नाही. माझी निराशा झाली, हे खरं आहे. पण जे मागितलं ते मागण्यातच माझी चूक होती, असं मी म्हणणार नाही. स्वप्न ठीक होतं. खोलीला काहीतरी झालं आहे. आणि खोली म्हणजे काही देवानं घडवलेली वस्तू नव्हे. ती दुरुस्त करता येते हे मी त्याच खोलीत, तुमच्याकडून, पाहिलं आहे.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात चेअरमननी एक यादी पाठवली. नववीतल्या अकरा मुली, चाचणीत गणितात नापास. त्यांच्या पालकांना बोलवायचं, चहा द्यायचा, आणि समजुतीच्या सुरात सांगायचं की दाखला काढून घ्या, मुलीला बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवा. म्हणजे पुढच्या वर्षी शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लागेल. खाली माझ्या सहीची जागा होती. यादीतली एक मुलगी गडमुडशिंगीहून बसनं येते. तिचे वडील दुधाचा टेम्पो चालवतात. प्रवेशाच्या वेळी ते माझ्यासमोर बसलेच नव्हते, दाराशी उभं राहून बोलत होते. मी ती यादी उलटी करून ठेवली. चार दिवस उलटीच ठेवली. मी शूर नाही, आबा. मला वाटत होतं की कुणीतरी येऊन ती उचलून नेईल.

मग खंडेनवमी आली. आमच्या शाळेत पूजा नसते, पण ड्रायव्हर लोक बसना झेंडूचे हार घालतातच, आणि शिपाई मावशी पितळी घंटेला हळदकुंकू लावतात. ते सिस्टरांच्या वेळेपासून चालत आलं आहे आणि सिस्टर त्या वेळी खिडकीतून दुसरीकडं बघायच्या. मावशी करंडा घेऊन माझ्या खोलीत आल्या. "मॅडम, तुमचं हत्यार कुठलं? काढा, लावते." मी टेबलावर बघितलं. फोन, कॅलेंडर, पाण्याची बाटली. हात पुढं केला आणि तसाच राहिला. सत्तावन्न वर्षांची बाई, आणि स्वतःचं म्हणून पुढं ठेवावं असं एक हत्यार नाही. मावशींना माझी दया आली असावी. "पेन द्या की," त्या म्हणाल्या. "सह्या करताय न्हवं दिसभर?" त्यांनी माझ्या पेनाला हळदकुंकू लावलं, वर झेंडूची पाकळी ठेवली, आणि ते त्या उलट्या यादीवरच आडवं ठेवून गेल्या.

आणि मला तुमचा पाट दिसायला लागला. खंडेनवमीला तुम्ही सगळी हत्यारं घरी आणायचात. रंधा, पटाशी, गोल पटाशी, मार्किंगचा काटा, सगळी रॉकेलनं पुसून पाटावर ओळीनं मांडायचात. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, दसऱ्याला आपटा दिल्याशिवाय काम नाही. एकदा आईनं खिळा ठोकायला हातोडी मागितली तर तुम्ही म्हणालात, "आज ती बसलीया. उद्या सांग तिला." आणि ओळीच्या मधोमध तुम्ही फूटभर जागा मोकळी सोडायचात. मी सातवीत गेले त्या वर्षी तुमची कॉन्ट्रॅक्शनची पट्टी हरवली होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून लाकडी साचा थोडा वाढीव करावा लागतो. त्यासाठी ती खास पोलादी पट्टी, तिच्यातला प्रत्येक सेंटीमीटर केसभर मोठा. तुम्ही तीन दिवस गाळा आणि घर धुंडाळलंत. मग साध्या पट्टीनं, वाढ डोक्यात धरून, पंपाच्या झाकणाचा साचा केलात आणि एका मापात ती वाढ धरायची राहिली. ओतलेलं झाकण बसेना. कारखानदार चार माणसांत म्हणाला, "मिस्तरी, डोळं गेलं काय तुमचं?" तुम्ही हे आम्हाला जेवताना हसून सांगितलंत आणि मग भाकरी तशीच ठेवून उठलात. पुढं नवी पट्टी घेतलीत, पण पाटावर तिला कडेला ठेवायचात. जुनीच्या जागी नुसत्या लाकडावर हळदकुंकू. आई म्हणायची, "आवो, उंदरानं न्हेली ती. तिची कसली पूजा?" तुम्ही म्हणायचात, "आली म्हंजे तिला जागा नको व्हय?"

तेवढ्यात फोन वाजला. चेअरमन. "मॅडम, तेवढी सही राहिलीया. दिवाळीच्या आत पालक बोलवायचं हायत." मी म्हटलं, "आज सही होणार नाही." "का?" "आज खंडेनवमी आहे. पेन पूजेला बसलंय." ते हसले. "काय मॅडम, कॉन्व्हेंटमधी शिकलाय तुम्ही." मी म्हटलं, "हो. आणि पॅटर्नवाल्या मिस्तरींच्या घरात वाढलेय. ते आज पट्टीलाही हात लावायचे नाहीत." गंमत बघा आबा, चेअरमन स्वतः फौंड्रीवाले आहेत, ओतकामाचाच धंदा. त्यांच्या कारखान्यात त्या दिवशी भट्टीला नारळ फुटला असणार. "बरं, दसरा होऊ दे," म्हणाले आणि फोन ठेवला. मी त्या खोलीत एकटी बसून मोठ्यानं हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

दसऱ्यानंतर बैठक झाली. पाच जण, काजूची बशी, आणि माझ्यासमोर तीच यादी, आता सुलटी. चेअरमन म्हणाले, "आता उठलं का पेन?" सगळे हसले, मीही हसले. मग मी तुमची चकतीची गोष्ट सांगितली. खुर्ची कशी हलत होती, सिस्टर काय म्हणाल्या, तुम्ही काय म्हणालात. मी म्हटलं, "तुम्ही तर तीन पाय कापायलाही सांगत नाही. लांडा पायच काढून टाका म्हणता. मग खुर्ची हलायची थांबत नाही, ती पडते." एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, कथाकथन छान हाय, पण निकालाचं काय?" मी म्हटलं, "रोज पहिला तास त्या अकरा मुलींचा, गणिताचा, आणि तो मी घेणार. त्या तासाला फोटो नाही, फोन नाही, कुणी भेटायला आलं तरी प्रिन्सिपॉल वर्गात आहेत असं सांगायचं. बाहेर वाईट दिसलं तर दिसू दे." चेअरमनचा चेहरा उतरला. "आणि वार्षिकला ह्या पोरी नापास झाल्या तर?" "मी राजीनामा देईन." "लिहून देताय?" "कागद द्या." त्याच पेनानं लिहून दिलं. पेनाच्या टोपणावर कुंकू अजून होतं. खाली सही केली. अक्षर चांगलं आलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. वर्गासाठी मी अडगळीच्या खोलीतून सिस्टरांची जुनी खुर्ची आणि टेबल बाहेर काढून घेतलं. शिपाई मावशींनी पुसता पुसता विचारलं, "ह्ये कशाला? नवीन हायत की ढीगभर." मी म्हटलं, बसून बघा. त्या बसल्या. "हलत न्हाय," म्हणाल्या. पंचेचाळीस वर्षांनंतर, आबा. तुमची चकती काळी पडली आहे, पण सरस सुटलेला नाही. पहिल्या दिवशी गडमुडशिंगीची ती मुलगी माझ्याकडं टक लावून बघत होती. मी फळ्यावर गणित मांडलं, खडू मोडला, दुसरा घेतला. ती शेजारणीला म्हणाली, ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "आगं, मॅडमना येतंय की गं गणित! मला वाटलं नुसतं सह्याच करत्यात." मी म्हटलं, "मलाही तसंच वाटायला लागलं होतं." मग त्या हसल्या, आणि हसल्यावर त्यांच्यातल्या एकीनं विचारलं की उणे गुणिले उणे अधिक का होतं, सांगाच एकदा, सातवीपासून कुणी सांगितलं नाही. आता काहीजणींना भराभर येतं, काहीजणी अडखळतात, आणि गडमुडशिंगीची अजून भागाकारात चुकते पण खोडून परत करते. पास होतील का सगळ्या? मला माहीत नाही. झाल्या नाहीत तर मी लिहून दिलं आहे आणि मी शब्द फिरवणार नाही. पण मग ते मला फाटकातून बाहेर काढतील तेव्हा माझ्या बोटांना खडूची भेग असेल. ती परत आली आहे. जिने चढताना कठडा धरला की झोंबते, म्हणून रुमाल गुंडाळावा लागतो तिला.

खोलीतलं बाकी काही बदललेलं नाही. पडदा आहे, ग्रुप आहे, नमस्काराची खूण आहे. दहा वाजता मी परत त्या फुस्स खुर्चीत जाऊन बसते आणि चार वाजेपर्यंत मला ते काम आवडत नाही. आवडून घ्यायचा मी प्रयत्नही सोडला आहे. पण सकाळचा एक तास माझा आहे, तो मी भांडून घेतला आहे, आणि त्या एका तासाच्या जोरावर मी उरलेल्या दिवसाकडं डोळे वर करून बघू शकते.

आता ती शेवटची गोष्ट. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, ते मी त्या जुन्या टेबलाच्या खणात ठेवणार आहे. आणि खण म्हणजेच ती गोष्ट. मी सगळ्यांना सांगत आले की सिस्टरांच्या खुर्चीत बसले आणि मला त्या खुर्चीचं वेड लागलं. ते अर्धंच खरं आहे. त्याच्या महिनाभर आधी माझी प्लास्टिकची पट्टी मोडली होती. भूमितीची चाचणी होती आणि मी तुमच्या पिशवीतून तुमची पट्टी न विचारता घेतली. माझी प्रत्येक रेघ मोठी आली. दहा सेंटीमीटरच्या रेघेत पुरा एक मिलिमीटर जास्त. सिस्टरनी स्वतःची पट्टी शेजारी ठेवून बघितली, म्हणाल्या, ही पट्टी खोटं बोलते, आणि ती काढून घेऊन आपल्या टेबलाच्या खणात टाकली. त्या दुपारी मी खुर्चीत बसले होते तेव्हा माझा गुडघा त्या खणाला टेकलेला होता आणि तुम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर, खाली बसून, हलतीया का म्हणून विचारत होतात. मला तेव्हा खुर्ची नको होती. खण हवा होता. इथं रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी, सगळे गेल्यावर, मी अडगळीत जाऊन तो उघडला. खडूचे तुकडे होते, एक गंजका कंपास होता. पट्टी नव्हती.

उंदरानं नाही, आबा, मी नेली होती. आणि सिस्टरनी भर वर्गात विचारलं होतं, ही कुणाची? तुमचं नाव सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, रस्त्यात सापडली.